वेशसंहिता : एका परिपत्रकाचे वाचन

‘संहिता’ हा शब्द मराठी समीक्षेत आता इतका रुळला आहे की, तो दोन निरनिराळ्या व्यवहारांतून आपल्याकडे आलेला आहे याचे भान सहसा राहत नाही. नाटकाची किंवा कवितेची संहिता असे आपण म्हणतो तेव्हा वाचली जाणारी, जिचा अन्वयार्थ लावावा लागतो अशी वस्तू अभिप्रेत असते. दंडसंहिता किंवा आचारसंहिता असे म्हणतो तेव्हा पाळावयाचा नियमसमुच्चय अभिप्रेत असतो. इंग्रजीत या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीने दोहोंचा भार एकाच शब्दावर टाकला आहे. पारिभाषिक काटेकोरपणाच्या दृष्टीने ही गैरसोय खरी, परंतु क्वचित तिचा उपयोगही होतो. शासकीय आणि शैक्षणिक व्यवहारात अलीकडे स्थिरावलेला ‘वेशसंहिता’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिच्यावरील चर्चा आजवर दुसऱ्या अर्थाच्या अंगाने, म्हणजे ती पाळावी की झुगारावी या अंगानेच झाली. प्रस्तुत लेखात ती पहिल्या अर्थाने घ्यावयाची आहे.

वाचनासाठी निवडलेली संहिता फार जुनी नाही. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी एक परिपत्रक काढून मंत्रालयासह सर्व शासकीय कार्यालयांतील अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या पेहरावाविषयी सूचना दिल्या. स्त्रियांनी साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, ट्राउझर आणि त्यावर कुर्ता अथवा शर्ट, आणि आवश्यक असल्यास दुपट्टा असा पेहराव करावा. पुरुषांनी शर्ट आणि पँट घालावी. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे किंवा चित्रांचे कपडे घालू नयेत. जीन्स व टी-शर्ट कार्यालयात वापरू नये. स्लिपर घालू नये. आठवड्यातून किमान एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी, असा त्याचा आशय. पुढे २०२१ मध्ये जीन्सवरील बंदी मागे घेण्यात आली, टी-शर्टवरील कायम राहिली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने अशाच स्वरूपाची वेशसंहिता शाळांतील शिक्षकांपर्यंत पोहोचली. पुरुष शिक्षकाने शर्ट पँटीत खोचावा, इतका तपशील तिच्यात आहे.

या परिपत्रकावर उमटलेल्या प्रतिक्रिया अपेक्षित त्या दोन वळणांच्या होत्या. काहींना त्यात व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच दिसला, काहींना शिस्तीचे पुनरागमन. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर नकळत एकमत होते : कपडा ही अंगावर चढणारी वस्तू आहे, आणि प्रश्न ती कोणती असावी एवढाच आहे. परिपत्रकात कपडा नाही, कपड्याविषयीची वाक्ये आहेत, ही साधी बाब त्यामुळे नजरेआड झाली. रोलाँ बार्थ याने १९६७ च्या आपल्या फॅशनविषयक ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्र, प्रतिमारूप वस्त्र आणि लिखित वस्त्र असा भेद केला, आणि विश्लेषणासाठी १९५८-५९ मधील फ्रेंच फॅशन-मासिकांतील मजकूर, म्हणजे लिखित वस्त्र तेवढे निवडले. त्याचे कारण असे की, लिहिले गेलेले वस्त्र थंडी-वाऱ्यापासून संरक्षण करीत नाही, लज्जारक्षणही करीत नाही. अर्थ निर्माण करणे एवढेच काम त्याला उरते. परिपत्रकातील साडी-शर्टाला हे तंतोतंत लागू पडते. फॅशन-मासिकातील लिखित वस्त्र मोहात पाडू पाहते, शासकीय लिखित वस्त्र बजावते, हा फरक आहेच. पण अर्थनिर्मितीची यंत्रणा दोहोंची एकच आहे. (येथे फुकोचे नाव घेण्याचा मोह होतो. आपल्याकडे सत्ता आणि शरीर हे दोन शब्द एका वाक्यात आले की फुकोला पाचारण करण्याचा प्रघात पडला आहे. तो मोह आवरणेच बरे. परिपत्रकाचे मराठी पुरेसे बोलके आहे.)

परिपत्रकातील बहुतेक क्रियापदे विध्यर्थी आहेत : परिधान करावा, वापर करू नये, दक्षता घ्यावी. मराठीचा विध्यर्थ हा मोठा लवचिक प्रकार आहे. त्यातून कर्तव्य सूचित होते, तशीच योग्यता, इच्छा आणि शक्यताही. ‘पाऊस यावा’ या वाक्यातील आकांक्षा आणि ‘अर्ज वेळेत सादर करावा’ या वाक्यातील ताकीद एकाच प्रत्ययावर उभ्या आहेत. परिपत्रकाची भाषा या लवचिकतेचा पुरेपूर लाभ घेते. वाचणाऱ्याला आज्ञा ऐकू येते. जाब विचारला तर लिहिणाऱ्याला ‘आम्ही केवळ योग्य काय ते सुचविले’ असे म्हणण्याची सोय राहते. स्त्रियांच्या दुपट्ट्यापाशी आलेले ‘आवश्यक असल्यास’ हे दोन शब्दही असेच. ही आवश्यकता कोणी ठरवावयाची? नेसणारीने, तिच्या वरिष्ठाने, की समोरच्या टेबलावरून पाहणाऱ्याने? वाक्याला येथे कर्ताच नाही. परिपत्रकात पुरुषाच्या कोणत्याही वस्त्राला असे सशर्त अस्तित्व दिलेले नाही.

कारणमीमांसेचा भाग याहून महत्त्वाचा. अनुरूप पेहराव नसल्याने शासकीय कर्मचाऱ्यांची जनमानसातील प्रतिमा मलिन होते, असा परिपत्रकाचा युक्तिवाद आहे. ‘मलिन’ हे विशेषण मुळात कपड्याचे. ते कपड्यावरून उचलून प्रतिमेला लावले आहे. मळलेला कपडा धुता येतो, मळलेली प्रतिमा धुण्यासाठी मात्र कपडा बदलावा लागतो, असा हा तर्क. कार्यालयाची प्रतिमा कशाने मळते, याची इतर उत्तरे ज्याला एका फेरफारासाठी तीन खेटे घालावे लागले आहेत तो कोणीही देऊ शकेल. आणि हे मळवणारे कोण? परिपत्रक सर्वच कर्मचाऱ्यांना उद्देशून असले, तरी विशेषेकरून त्याचे बोट कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागार यांच्याकडे वळते. माझ्या मते या संहितेचा केंद्रबिंदू जीन्स नसून हे बोट आहे.

चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) हे माझे गाव. परिपत्रकाची बातमी आली तेव्हा नात्यातला एक तरुण, जो जिल्ह्याच्या ठिकाणी कंत्राटी संगणकचालक म्हणून काम करीत होता, मला म्हणाला, “दादा, पँट घालायचं काय नाही, घालू की. पण साहेबाचं सोडून आमचंच नाव का लिहिलं?” त्याला जीन्सच्या स्वातंत्र्याचे अप्रूप नव्हते. लिखित वस्त्रात आपण कोठे बसवले गेलो आहोत, हे त्याने ओळखले होते. समीक्षेची परिभाषा त्याच्यापाशी नसेल. वाचन अचूक होते.

ते वाचन पुढे न्यावयाचे तर मराठीतील पद आणि वस्त्र यांच्या जुन्या नात्याकडे वळावे लागते. १७१३ मध्ये शाहू छत्रपतींनी बाळाजी विश्वनाथास पेशवेपद दिले आणि १७२० मध्ये ते बाजीरावाकडे आले, हे आपण कोणत्या शब्दांत सांगतो? पेशवाईची ‘वस्त्रे’ दिली, पेशवाईची ‘वस्त्रे’ मिळाली, असे. बखरींपासून शालेय पुस्तकांपर्यंत हा वाक्प्रयोग इतका सवयीचा झाला आहे की, त्यातील लक्षणा आता जाणवत नाही. पद म्हणजे वस्त्र. आणि ते वस्त्र देणाऱ्याने द्यावयाचे असते. सरंजामी व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, पण तिच्या भाषेत एक हिशेब स्वच्छ होता : ज्याने आपले चिन्ह दुसऱ्याच्या अंगावर चढवावयाचे, त्यानेच त्याचा खर्च सोसावयाचा. आधुनिक राज्यसंस्थेतही हा हिशेब गणवेशाच्या रूपाने काही प्रमाणात शिल्लक आहे. शिपायाला, चालकाला, पोलिसाला शासनाकडून गणवेशाची सोय असते, धुलाई भत्त्याची तरतूद असते. चकलांब्यात पोलीस ठाणे आहे. शासनाचे वस्त्र म्हणजे काय, हे गावाला प्रथम कळते ते खाकीवरून. गणवेश आणि वेशसंहिता यांतील भेद म्हणूनच मूलगामी आहे. गणवेशात संस्था वस्त्र देते आणि त्याबरोबर काही अधिकारही देते. वेशसंहितेत संस्था फक्त शब्द देते, वस्त्र ज्याचे त्याने आणावयाचे. कायम नोकरीतील अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा खर्च नगण्य असतो. कंत्राटी माणसाला ना गणवेश, ना भत्ता, ना पदाची वस्त्रे. त्याच्या वाट्याला प्रतिमा सांभाळण्याची जबाबदारी तेवढी येते.

आता कापडाकडे वळू. जीन्सचा इतिहास कामगाराच्या अंगावरून सुरू होतो. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी १८७३ मध्ये अमेरिकेत रिव्हेट ठोकलेल्या पँटीचे एकस्व घेतले ते खाणीत आणि शेतावर राबणाऱ्यांची पँट खिशापाशी फाटू नये म्हणून. त्याच कुळातील दुसरे कापड ‘डंगरी’. इंग्रजी कोश या शब्दाचे मूळ ‘डुंगरी’ या एतद्देशीय शब्दात, म्हणजे एका जाड्याभरड्या सुती कापडाच्या नावात सांगतात, आणि त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. हे मान्य केले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मंत्रालयाच्या दारात २०२० साली अडवले गेलेले कापड आणि मंत्रालयापासून काही मैलांवरच्या वस्तीचे नाव यांचे दूरचे का होईना, भाषिक नाते आहे. याच परिपत्रकात शुक्रवारी खादी घालावी असेही म्हटले आहे. खादी तरी काय? जाडेभरडे सुतीच कापड. दोन्ही कापडे कष्टकऱ्याची. एक वंदनीय, दुसरे निषिद्ध. मूल्य कापडात नसून संकेतव्यवस्थेतील स्थानात असते, हे सोस्यूरचे सूत्र पदव्युत्तर वर्गात शिकविताना याहून सुटसुटीत उदाहरण मला सापडलेले नाही. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणारी पोरे पाचटाने पाय कापू नयेत म्हणून जुन्या जीन्स घालतात. फडात ती आजही कामाचा कपडा आहे. कार्यालयात पोहोचेपर्यंत ती ‘अनौपचारिक’ होते.

पुरुषांच्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, किंवा नाही. स्त्रियांना साडी आहे, सलवार आहे, ट्राउझरही आहे. पुरुषाला मात्र शर्ट आणि पँट एवढेच. राष्ट्रवादाने पुरुषाकडे आधुनिकतेचे आणि स्त्रीकडे परंपरेचे वहन सोपवले, असे जे पार्थ चटर्जी यांनी मांडले आहे, त्याचा अवशेष येथे दिसतो, पण पुसट. कारण स्त्रीला दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. बंद झाली आहे ती पुरुषाची जुनी वाट. धोतरावर बंदी नाही आणि धोतराला परवानगीही नाही. जे कल्पनेतूनच गेले, त्याला निषिद्ध करण्याचीही गरज उरत नाही. देशीवादी समीक्षेने आजवर या यादीकडे लक्ष दिले नाही, याचे मला थोडे नवल वाटते.

माझ्या आजोबांकडे ‘कचेरीचे धोतर’ म्हणून एक स्वतंत्र धोतर होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. खुद्द हैदराबादच्या दरबारात औपचारिक प्रसंगी डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस बांधून जावे लागे. ही रीत गेवराईच्या तहसील कचेरीपर्यंत त्याच रूपात पोहोचणे शक्यच नव्हते. पोहोचला होता तो धाक. सारा भरावयास किंवा तारखेस जाताना आजोबा ते धोतर नेसत, वर काळा कोट घालीत, आणि पायताण कचेरीच्या पायरीशी काढून ठेवीत. हे कोणी लिहून दिलेले नव्हते. पुढे राज्य गेले, तहसीलदार मराठी बोलू लागला, तरी धोतर तेच आणि पायरीही तीच. अलिखित वेशसंहितेचे आयुष्य लिखित संहितेपेक्षा दीर्घ असते, हे मला परिपत्रकांच्या अभ्यासाआधी त्या धोतराने शिकविले. शासकीय परिपत्रकाला जो ‘जनमानस’ डोळ्यांपुढे दिसतो, त्यात आजोबांसारखे असंख्य आहेत. आणि ते आयुष्यभर कचेरीचे कपडे पाहत नव्हते, कचेरी आपले कपडे पाहील या भयात होते.

या भयाचा प्रतिवाद मराठी समाजजीवनात दोन वेळा अत्यंत सजगपणे केला गेला. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. जोतीराव फुले तेथे गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले; दारावर त्यांना अडविले गेले, असे चरित्रकार सांगतात. फुले त्या वेळी कोणी अनोळखी खेडूत नव्हते. पुणे नगरपालिकेचे ते सदस्य राहिलेले होते, ठेकेदारीचा व्यवसाय केलेले होते, साजेसा अंगरखा घालणे त्यांना अवघड नव्हते. म्हणजे तो वेश निवडलेला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याने तोच मजकूर अंगावर घालून आणला होता. दुसरी घटना डिसेंबर १९२७ मधील, महाडची. परिषदेनंतर स्त्रियांपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी लुगडे नेसण्याची, अस्पृश्य म्हणून ओळखू येणारी रीत सोडावी, हलक्या धातूच्या दागिन्यांचे ओझे उतरवावे, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असावा, असे सांगितले. आणि स्त्रियांनी लगोलग नेसण्याची पद्धत बदलली. फुले हलक्या समजल्या गेलेल्या वेशात वरच्या दालनात शिरले. महाडच्या स्त्रियांनी त्यांना नाकारलेला वेश अंगावर घेतला. दिशा परस्परविरुद्ध आहेत, आणि म्हणूनच या दोहोंना ‘वेशस्वातंत्र्य’ या एका शब्दात गुंडाळणे चुकीचे ठरेल. दोन्हीकडे समान आहे ते एवढेच की, वस्त्र कोणी लिहावयाचे हा अधिकार ज्यांच्या अंगावर ते चढते त्यांनी आपल्या हाती घेतला.

वेशसंहितेला होणारा नागर विरोध मला अपुरा वाटतो तो यासाठी. जीन्स हे बंडाचे चिन्ह मानणाऱ्याला इस्त्रीचा शर्ट सक्तीचा वाटतो, आणि ते त्याच्यापुरते खरे आहे. पण मराठवाड्यातील गावागावांत कोट-पँट घातलेला जो पुतळा उभा आहे, त्याच्याकडे पाहत वाढलेल्या मुलाला इस्त्रीचा शर्ट ही सक्ती वाटेलच असे नाही. तो त्याला आजोबांच्या पायरीवरून आत येण्याचा मार्गही वाटू शकतो. त्या सुटाला पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणणाऱ्यांनी चिन्ह पाहिले, ते कोणाला नाकारले गेले होते हे पाहिले नाही. उलट, हा शर्ट आदराचे चिन्ह आहे म्हणून परिपत्रक योग्य, असे म्हणणेही तितकेच भोळेपणाचे. मिळविलेला शर्ट आणि लादलेला शर्ट एकाच गिरणीत विणलेले असले, तरी त्यांचे वाचन एक होत नाही.

आपल्या समीक्षेने साहित्यातील कपड्याचे असे वाचन फारसे केलेले नाही, याची खंत येथे नोंदवावीशी वाटते. दलित आणि ग्रामीण आत्मकथनांवरील लेखनात भूक, भाषा, जात यांना स्वतंत्र प्रकरणे मिळाली. कपडा मात्र ‘वास्तवदर्शी तपशील’ या सदराखाली ओझरता येऊन गेला. मध्यमवर्गीय विनोदाने तरी त्याची दखल घेतली होती. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधील नामू परीट गिऱ्हाइकांचे कपडे अंगावर घालून मिरवतो. दुसऱ्याच्या शर्टात शिरलेला माणूस तेथे हसवतो. हसू येते ते शर्टाच्या मालकाच्या बाजूने पाहिल्यामुळे. आमच्या गावात मुलाखतीला जाणारा मुलगा मित्राची पँट मागून नेई, ती कमरेला सैल असली तर आतून सुतळी बांधी. त्या प्रसंगात नामूचीच कृती आहे, फक्त निवेदनाची जागा बदलली आहे. भालचंद्र नेमाडे यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या जीवनावरील आपल्या कादंबरीला ‘झूल’ (१९७९) हे नाव दिले. पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकतात ती झूल. बैलाला ती शोभते, त्याची असते असे नाही. या शीर्षकावर पुष्कळ लिहिले जाऊ शकते. संस्था आपल्या माणसांवर काय पांघरते, हा प्रश्न त्यात एका शब्दात आला आहे.

तो शब्द मला मध्यंतरी अनपेक्षितपणे आठवला. एका महाविद्यालयात (नाव घेण्याचे कारण नाही) नॅकची समिती येणार होती. सर्व अध्यापकांनी एका रंगाचा ब्लेझर आणि अध्यापिकांनी एका रंगाची साडी घ्यावी, असे ठरले; ठरले म्हणजे सूचना फलकावर लागली. क्रियापद अर्थातच विध्यर्थी होते. खर्च ज्याचा त्याने करावयाचा. तेथे तासिका तत्त्वावर शिकविणारा एक तरुण सहकारी होता, मराठीचाच, नेट झालेला. त्याचे मानधन चार महिन्यांचे थकलेले होते. त्याने उसने पैसे काढून ब्लेझर शिवला. खिशावर महाविद्यालयाचे बोधचिन्ह भरतकामात होते. समितीसमोर तो तीन दिवस त्या ब्लेझरमध्ये उभा राहिला; कायम अध्यापकांहून त्याला वेगळे ओळखण्याचे कोणतेही चिन्ह त्या तीन दिवसांत उरले नव्हते, आणि सूचनेचा हेतू बहुधा हाच असावा. पुढच्या उन्हाळ्यात चकलांब्याजवळच्या एका गावी त्याच्या धाकट्या भावाच्या साखरपुड्याला मी गेलो होतो. तोच ब्लेझर नवरदेवाच्या अंगावर होता. खिशावरचे बोधचिन्ह वहिनीने ब्लेडने काळजीपूर्वक उसवले होते. उन्हात उभे राहिले की तेवढ्या जागेचा रंग किंचित गडद दिसत होता.